गंजिफा: चित्रं वाचली, डाव राहून गेला

बंद पडलेले बैठे खेळ पुन्हा खेळते करण्याची धडपड आज अनेक देशांत चालू आहे. तिचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा, प्रत्येकाने एक पात्र होऊन खेळायचा हा खेळ १९७४ साली आला. नव्या आवृत्त्या निघत गेल्या तशा जुन्या नियमपुस्तिका दुकानांतून नाहीशा झाल्या. २००० साली प्रकाशकांनी नव्या आवृत्तीचे नियम खुल्या परवान्याखाली दिले. त्याच आधारावर २००६मध्ये चाहत्यांनी सत्तरच्या दशकातली नियमावली आपल्या शब्दांत लिहून 'ऑस्रिक' या नावाने फुकट उपलब्ध केली. जुनी चित्रं आणि जुनी मांडणी त्यांनी सोडून दिली, डाव तेवढा उचलला.

सावंतवाडीच्या गंजिफाचं, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या खेळाचं, नेमकं उलट झालं. विसाव्या शतकाच्या मध्याला ही कला जाणणारे पुंडलिक चितारी हे वृद्ध कारागीर जवळजवळ एकटेच उरले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातले शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती त्यांच्याकडून शिकून घेतली आणि १९७१ साली राजवाड्यात कारखाना सुरू केला. गोल पान, चिंचोक्याची खळ, लाखेची झळाळी, हाताने रेखलेले अवतार हे सगळं त्यामुळे वाचलं. हे काम फार मोठं आहे, आणि ते झालं नसतं तर आज बोलायलाही काही उरलं नसतं. पण हे संच जातात कुठे? काही हजार रुपयांचा संच घेणारा माणूस तो चौकटीत लावतो. पिसायला हात धजावत नाही.

खेळ मात्र विलक्षण बुद्धीचा आहे. दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं, एकूण १२०. तिघांत चाळीस-चाळीस वाटायची. हुकूम नाही. निम्म्या रंगांत राजा-प्रधानांखाली दश्शी मोठी, उरलेल्या निम्म्यांत, म्हणजे उलट्या रंगांत, एक्का मोठा. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी. रात्री तो मान कृष्णाचा. हुकूम नसल्यामुळे कुठल्या रंगातली कुठली पानं पडून गेली हे ध्यानात ठेवण्यावरच सारा डाव उभा राहतो. १२० पानांची ही उजळणी ब्रिज खेळणाऱ्यालाही घाम फोडेल.

बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफाची पानं पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. मुंबईत राहून अभ्यास करणारे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी विसाव्या शतकात या पानांवर आयुष्याचा मोठा भाग घालवला. म्हणजे इतिहास लिहिला गेला, संग्रह झाले. पण खेळ जिवंत आहे का, याची माझी कसोटी साधी आहे. भाईंदरहून उत्तनकडे जाताना लागणाऱ्या मोरव्यात, एखाद्या घराच्या ओटीवर, गंजिफा कधीच न पाहिलेल्या तिघांना रविवारी दुपारी डाव मांडता येईल का? आज येणार नाही. पान उलटं की सुलटं मोजायचं हे चित्रावरून कळत नाही, आणि सोबत मराठीत धड नियमावली नाही.

त्यासाठी छापील, स्वस्त संच हवा. त्याच्या कडेला ठळक आकडा हवा आणि उलट्या रंगांना वेगळी खूण. हस्तकलेची किंमत उतरेल असं यावर कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. ज्याने खेळ खेळला आहे तोच पुढे हाताने रंगवलेला संच मागेल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: गावोगावचे नियम निराळे, मग छापायचे कुठले? 'ऑस्रिक'च्या संपादकांपुढेही संदिग्ध कलमं होतीच. त्यांनी निर्णय घेतले आणि पुस्तक काढलं. आपणही एक पाठ मुख्य धरावा, बाकीचे मागे जोडावेत. ओडिशात गंजपा, म्हणजे तिथली गंजिफा, अजून खेळली जाते. तिथले डाव आणि कोकणातल्या जुन्या खेळाडूंच्या आठवणी शेजारी ठेवून, पान पडताना कोण काय बोलतं इथपासून सगळं नोंदवायला आधी बसायला हवं.