सदोष विज्ञानपट आणि बाल्यस्मृती

बालपणी पाहिलेल्या चित्रपटाविषयी प्रौढ प्रेक्षक जो अभिप्राय देतो, तो चित्रपटाविषयी असतो की स्वतःच्या बालपणाविषयी, हा प्रश्न समीक्षेला टाळता येत नाही. शेखर कपूर यांनी दिग्दर्शित केलेला व सलीम-जावेद यांनी लिहिलेला ‘मिस्टर इंडिया’ (१९८७) हा हिंदी चित्रपट या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

वैज्ञानिक पित्याने निर्मिलेले यंत्र मनगटावर बांधताच नायक अदृश्य होतो. तांबड्या प्रकाशात मात्र तो दिसतो. एच. जी. वेल्स यांनी १८९७ च्या कादंबरीत अदृश्यतेला प्रकाशाच्या वक्रीभवनाचा आधार दिला होता. येथे तसा आधार नाही. शिवाय ज्याच्या नेत्रपटलातून प्रकाश आरपार जातो, त्याला स्वतःला काही दिसणे अशक्य होय. तथापि हा दोष बालप्रेक्षकाला जाचत नाही. राक्षसाचा प्राण पोपटात असावा, त्याच जातीचा तांबड्या प्रकाशाचा नियम आहे. त्याला पटते ते भौतिकशास्त्र नव्हे, कथेने पाळलेला नियम.

येथे एक शब्दभेद लक्षात घ्यावा. ‘गायब’ हा मूळचा अरबी शब्द अनुपस्थिती सुचवितो. ‘अदृश्य’ म्हणजे केवळ न दिसणारा. या चित्रपटातील गंमत नायक अदृश्य असूनही गायब नसतो, यातच आहे.

खरा दोष अन्यत्र आहे. अखेरच्या झुंजीत नायक दृश्य रूपानेच लढतो. सामान्य माणसाला यंत्राची गरज नाही, हा आशय नैतिकदृष्ट्या समर्थनीय असला, तरी त्यामुळे मूळ विज्ञानकल्पना केवळ अलंकार ठरते. जयंत नारळीकर यांच्या उत्तम कथांतून वैज्ञानिक कल्पना वगळली, तर कथाच उरत नाही. येथे ती वगळूनही शेवट उभा राहतो. स्मृती हा दोष झाकते, कारण तिने यंत्र जपलेले असते, शेवट नव्हे.

मात्र स्मृती म्हणून ती तुच्छ नव्हे. १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने वसविलेल्या नव्या मुंबईत नाना गावांहून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना एका गावची सामाईक कथा नव्हती. ती उणीव अशा चित्रपटांनी काही अंशी भरून काढली, असे अनुमान करता येईल.

सारांश, बाल्यस्मृती ही चित्रपटाच्या परिणामाची साक्ष होय, गुणवत्तेचा पुरावा नव्हे. समीक्षकाने तिची साक्ष अवश्य घ्यावी. निवाडा मात्र तिच्यावर सोपवू नये.