रॅम्पच्या पुढचे नाट्यगृह

भरताच्या नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय नाट्यगृहाच्या बांधणीचा आहे. 64 हात लांब आणि 32 हात रुंद हे माप भरताला पसंत आहे. त्याचे कारणही तो देतो: याहून मोठ्या गृहात नटाचे शब्द अस्पष्ट होतात आणि चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. प्रेक्षकाच्या कान-डोळ्यांची चिंता तिथे नाट्यकलेचाच भाग आहे. आज मराठी रंगभूमीवर अपंग किंवा वृद्ध प्रेक्षकांच्या सोयीचा विषय निघाला की चर्चा रॅम्पपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. (रॅम्प असला तरी त्यावर स्कूटर लावलेली असते, ती गोष्ट वेगळी.)

आत काही बदलत नाही, कारण आपल्याकडे नाटक एकाचे आणि नाट्यगृह दुसऱ्याचे. बहुतेक नाट्यगृहे महापालिकांची किंवा संस्थांची. निर्मात्याला मिळते ती तारीख आणि सत्र. सकाळी बालनाट्य, दुपारी दुसरे नाटक, रात्री तिसरे. मधल्या वेळात ट्रक रिकामा करायचा, सेट लावायचा, लाइट जुळवायचे. या घाईत संवाद दाखवणारा पडदा किंवा मंचावर काय दिसते ते अंध प्रेक्षकाच्या कानात सांगणारे ध्वनिवर्णनाचे हेडफोन कोण लावणार? निर्मात्याच्या मते ती सोय नाट्यगृहाची, व्यवस्थापकाच्या मते ती नाटकाची. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच काम अडून राहते.

ऐकण्याचेच घ्या. मराठी नाटकाचा निष्ठावान प्रेक्षक साठीच्या पुढचा आहे. दुपारच्या प्रयोगाला नजर फिरवली तरी कळते. त्याला ऐकू जावे म्हणून स्पीकरचा आवाज चढवतात. पण उतारवयात आधी जातात ते उंच स्वर, आणि त्यांच्याबरोबर स, श, फ यांसारखी व्यंजने. आवाज वाढवला की पार्श्वसंगीत अंगावर येते, संवाद तसाच पुसट राहतो. यावरचा जुना, सिद्ध उपाय म्हणजे इंडक्शन लूप: प्रेक्षागृहाभोवती तारेचे वेटोळे, त्यातून तशी सोय असलेल्या श्रवणयंत्रात थेट मंचावरचा आवाज. ती तार एकदा बसवली की प्रत्येक नाटकाला उपयोगी पडते. हे काम निःसंशय नाट्यगृहाच्या मालकाचे.

प्रकाश, धूर आणि दणका मात्र दिग्दर्शकाच्या अखत्यारीत येतात. बालनाट्यात चेटकीण आली की ब्लॅकआउट, धूर आणि कर्कश हसू हे ठरलेलेच. मुलांना घाबरायला आवडते, आणि प्रत्येक प्रयोग मिळमिळीत करावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण स्वमग्न मुलाला तोच दणका असह्य होऊ शकतो आणि लखलखणारा स्ट्रोब काही अपस्मारग्रस्तांना झटका आणू शकतो. न्यूयॉर्कमध्ये 2011 साली ‘द लायन किंग’चा एक प्रयोग स्वमग्न प्रेक्षकांसाठी झाला. कर्कश आवाज कमी केले, स्ट्रोब टाळला, बाहेर शांत कोपरा ठेवला. नाटक तेच राहिले. असा एखादा प्रयोग लावायला आपल्या निर्मात्यांना परदेशी तंत्र लागत नाही. तशी मोकळीक आपल्याकडे जुनीच आहे: कोकणातल्या जत्रेत दशावतार रात्रभर चालतो. माणसे उठतात, खाजे घेऊन परत येतात, पोर राक्षस संकासुराला भिऊन रडते, मग मांडीवर झोपते. कोणी मागे वळून डोळे वटारत नाही. चेहऱ्यावरची रेषही न हलवता अंधारात बसण्याची शिस्त आपण बंदिस्त नाट्यगृहात शिकलो, आणि तीच प्रेक्षकाची लायकी मानू लागलो.

अंधांच्या बाबतीत तर विसंगती ठळक आहे. दिग्दर्शक स्वागत थोरात यांनी अंध कलाकारांना घेऊन नाटके बसवली, त्यांचे कौतुक झाले, ते योग्यच. पण अंध प्रेक्षक आजही शेजारच्याच्या कुजबुजीवर नाटक समजून घेतो आणि पुढच्या रांगेतून ‘शूऽऽ’ ऐकतो. वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात ध्वनिवर्णन 1981 पासून आहे. तेवढे आज जमत नसेल, तरी सेट लागल्यावर पहिल्या घंटेआधी दहा मिनिटे अशा प्रेक्षकांना मंचावर न्यावे, दार, झोपाळा, जिना हाताने पाहू द्यावा. याला खर्च नाही.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सांस्कृतिक जीवनातला सहभाग हक्क म्हणून मान्य केला. मार्च 2024 मध्ये केंद्राने चित्रपटांसाठी सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. नाटक त्यांत येत नाही, तरी संधी समोर आहे. कोल्हापूरचे 1915 सालचे केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट 2024 मध्ये आगीत जळले. अशी वास्तू नव्याने उभारताना लूपची तार जमिनीखाली घालणे सर्वांत स्वस्त पडते. फरशी बसल्यावर तेच काम महाग होते.

निर्मात्यांनी उद्यापासून करण्याजोगी गोष्ट वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत मावते: नाटकाची लांबी, मध्यंतराची वेळ, धूर, स्ट्रोब किंवा मोठा आवाज आहे का, एवढी एक ओळ. प्लॅन उघडेल तेव्हा वाचकांनीही बुकिंगच्या खिडकीवर हेच विचारावे, स्वतःला गरज नसली तरी.