दाढीच्या फेसातला विषाणू

टॉम क्लॅन्सीच्या कादंबऱ्यांमध्ये जॅक रायनची बायको कॅथी ही डोळ्यांची डॉक्टर. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ती लेसरने शस्त्रक्रिया करते आणि नवरा अमेरिकेचा अध्यक्ष झाला तरी ऑपरेशन थिएटर सोडत नाही. २०१८च्या ऑगस्टअखेरीस अ‍ॅमेझॉन प्राइमवर ‘जॅक रायन’ ही मालिका आली, तेव्हा तिथली अविवाहित डॉ. कॅथी म्युलर संसर्गजन्य रोगांची तज्ज्ञ झालेली होती. क्लॅन्सीची पारायणं केलेल्या वाचकाला हे खटकेल. मला मात्र हा बदल फार आवडला. रूपांतरकारांनी मूळ संहितेत कुठे हात घातला आणि का घातला, हे या एका बदलावरून कळतं.

मुळात हे रूपांतर उघड नाही. पात्रं टॉम क्लॅन्सीची, एवढंच श्रेयनामावली सांगते. एका कुठल्या कादंबरीवर मालिका बेतल्याचा दावा तिच्यात नाही. कार्लटन क्यूज आणि ग्रॅहम रोलंड या निर्मात्यांनी पहिल्या पर्वाची आठ भागांची गोष्ट नवीच रचली. पण दहशतवादी, त्याच्या हातातला इबोला आणि त्याचं लक्ष्य असलेला अमेरिकेचा अध्यक्ष, हे तिन्ही धागे एकत्र आले की ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर्स’ आठवल्याशिवाय राहत नाही. १९९६ सालची ही कादंबरी पावणेनऊशे पानांची आहे. मालिका आणि कादंबरी शेजारी ठेवून वाचताना, छापील पानावर शोभणारा विषाणू पडद्यावर का शोभत नाही आणि त्याचं काय करावं लागतं, ते फार स्पष्ट दिसतं.

कादंबरीची सुरुवातच जबरदस्त आहे. आधीच्या ‘डेट ऑफ ऑनर’च्या शेवटी एका वैमानिकाने जंबो जेट अमेरिकी संसदेच्या इमारतीवर आदळवलेलं असतं. अध्यक्ष, बहुतेक सगळे खासदार, सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश, सारे एका रात्रीत गेलेले; आणि जॅक रायन, ज्याला राजकारणाचा मनापासून तिटकारा, तो अध्यक्ष झालेला. इराणचा धर्मगुरू-शासक दर्याई हीच संधी साधतो. इराकच्या हुकूमशहाचा खून, दोन्ही देशांचं एकीकरण, मग सौदीवर चाल. अमेरिकेने मध्ये पडू नये म्हणून तिला घरातच आजारी पाडायचं, हा त्याच्या योजनेचा एक भाग. म्हणजे क्लॅन्सीच्या लेखी रोगजंतू हे युद्धाचं पुरवणी हत्यार आहे. पण लिहिता लिहिता त्याच्या हातून या पुरवणीचंच पुस्तकातलं सर्वांत चांगलं लेखन झालं.

झाईरमधल्या एका मिशन इस्पितळात बेनेडिक्ट मकुसा नावाचा लहान मुलगा तापाने फणफणलेला आणला जातो. त्याची शुश्रूषा करणाऱ्या सिस्टर जाँ बाप्तिस्तला लागण होते. तिथे जागतिक आरोग्य संघटनेच्या कामावर असलेला इराणी डॉक्टर मौदी तिला उपचारासाठी पॅरिसला नेतो असं सांगून विमानात घालतो आणि विमान तेहरानला उतरवतो. जगाच्या लेखी ते विमान समुद्रात कोसळलेलं असतं. पुढची पानं मी अनेकदा वाचली आहेत. क्लॅन्सी इथे घाई करत नाही. ताप, पुरळ, रक्तस्राव, वेदना, मधूनच येणारी शुद्ध आणि त्या शुद्धीत चाललेली प्रार्थना, हे सगळं तो पाणबुडीच्या यंत्रसामग्रीचं वर्णन करावं तितक्याच निर्विकारपणे मांडतो. त्याच्या नेहमीच्या यंत्रप्रेमी गद्याचा इथे अनपेक्षित फायदा होतो: हळहळ लेखक करत नाही, म्हणून ती वाचकाला करावी लागते.

आणि समोर मौदी उभा आहे. त्याचा गुन्हा त्याला पुरता ठाऊक आहे. या बाईने आयुष्यभर गरिबांची सेवा केली, तिची श्रद्धा आपल्यापेक्षा खोल आहे, हे तो मनाशी कबूल करतो. आणि तरी तिच्या रक्ताचे नमुने काढून पुढच्या खोलीकडे पाठवतो. क्लॅन्सीच्या खलनायकांना मन क्वचितच असतं. मौदीला ते आहे, म्हणूनच तो दर्याईपेक्षा कितीतरी भयंकर वाटतो. पुढे कैद्यांवर केलेले प्रयोग, काचेपलीकडून त्यांच्या मरणाची ठेवलेली नोंद, हे सगळं त्या एका शुश्रूषेच्या सावलीत वाचलं जातं.

मग येते ती क्लॅन्सीची खास युक्ती. वीसेक माणसं सुटाबुटात अमेरिकेत शिरतात. त्यांच्या सामानात दाढीच्या फेसाचे डबे. विमानतळावर कुणालाही त्यात वावगं दिसणार नाही. ही माणसं मोठमोठ्या व्यापारी प्रदर्शनांत जातात, हजारो लोक फिरत असलेल्या दालनांच्या वायुवीजनाजवळ डबा ठेवतात आणि निघून जातात. प्रदर्शनाला आलेला विक्रेता रात्री हॉटेलात झोपतो, सकाळी आपल्या गावी परततो. पुढची कित्येक पानं काहीच घडत नाही. इबोलाचा अधिशयन काळ दोन ते एकवीस दिवसांचा, आणि क्लॅन्सी तो काळ तुम्हाला अक्षरशः काढायला लावतो. मधल्या पानांत करसुधारणा, संसदेच्या पोटनिवडणुका, अध्यक्षाच्या धाकट्या मुलीच्या पाळणाघरावरचा हल्ला असं बरंच काही येतं. करसुधारणेची पानं मी सरळ उलटतो, तुम्हीही उलटा. पण वाचकाच्या डोक्यात एक घड्याळ चालू राहतं. कादंबरीला हे करता येतं, कारण वाचक पुस्तक मिटून ठेवतो, दुसऱ्या दिवशी उघडतो आणि तेवढ्यात त्याचा स्वतःचाही एक दिवस गेलेला असतो.

इबोलाला हत्यार बनवण्याची कल्पना केवळ लेखकाच्या डोक्यातली नव्हती. जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाचे लोक १९९२ साली मदतकार्याच्या नावाखाली झाईरमध्ये जाऊन आले होते. इबोलाचा नमुना मिळवणं हा त्यांचा हेतू. तो साधला नाही. पुढे मार्च १९९५मध्ये याच पंथाने टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारीन वायू सोडला. त्याच वर्षी झाईरमधल्या किक्विट शहरात इबोलाची मोठी साथ आली. कादंबरी नेमकी त्यानंतरची.

विज्ञानाच्या बाजूने क्लॅन्सीने एक धोका पत्करला होता. इबोला हवेतून सहज पसरत नाही. त्याला रोग्याच्या रक्ताचा, स्रावांचा स्पर्श लागतो. फवारून तो पसरवायचा म्हणजे कथेला थोडी सवलत द्यायची. पण ही सवलत त्याने फुकट घेतली नाही, शेवटी तिची किंमत चुकवली. डबे फवारणाऱ्यांच्या थेट तडाख्यात सापडलेले मरतात. पुढच्या पिढीत मात्र विषाणूचा जोर ओसरतो आणि देश वाचतो. शास्त्राने घातलेली मर्यादाच कथेची सुटका होते. त्याआधी रायनने राज्याराज्यांमधला प्रवास बंद केलेला असतो, लोकांना घरात बसवलेलं असतं, रस्त्यांवर सैनिक उभे केलेले असतात. १९९६च्या वाचकाला ही अतिशयोक्ती वाटली असेल. २०२०नंतरच्या वाचकाला त्यातली चर्चा, म्हणजे हा अधिकार अध्यक्षाला आहे का, न्यायालयात हे टिकेल का, किती दिवस लोक ऐकतील, फार ओळखीची वाटते. आपल्याकडे १९९४ साली बीडनंतर सुरतेत प्लेगचं नाव निघालं तेव्हा लाखो लोक गाड्या भरभरून शहर सोडून पळाले होते. क्लॅन्सीची अमेरिका त्या मानाने फारच शिस्तीची आहे. इथे त्याचा देशाभिमान त्याच्या निरीक्षणावर मात करतो, असं माझं मत.

आता मालिकेकडे. तिथे प्रदर्शनं नाहीत, वीस माणसं नाहीत, फेसाचे डबे नाहीत. देशभर पसरणारी साथ आठ भागांत दाखवायची तर रुग्णालयांमागून रुग्णालयं, नकाशावर वाढणारे तांबडे ठिपके आणि पत्रकार परिषदा एवढंच हाती लागतं. क्यूज आणि रोलंड यांनी ते टाळलं. त्यांचा खलनायक मूसा बिन सुलेमान इबोलाने मेलेल्यांच्या थडग्यांतून विषाणू मिळवतो आणि तो आपल्या कैदेतल्या डॉक्टरांच्या शरीरात घालतो. सैनिक छापा घालून ओलिसांची सुटका करतात, जल्लोष होतो, आणि मग लक्षात येतं की ही सुटकाच सुलेमानला हवी होती. सुटलेल्या डॉक्टरांपैकी एक अध्यक्षांचा जुना मित्र. मित्र भेटायला येणार, मिठी मारणार. कादंबरीने अनोळखी गर्दीत जे केलं ते मालिकेने एका मिठीत केलं. अध्यक्षांना रुग्णालयात हलवलं जातं आणि खरा घाव तिथेच घालायचा असतो, किरणोत्सारी सीझियमचा.

पटकथा म्हणून ही रचना फार हुशार आहे. रोगाला चेहरा मिळाला, नातं मिळालं, शिवाय इबोलाच्या खऱ्या स्वभावाशी, म्हणजे स्पर्शाशी, ती जास्त प्रामाणिक आहे. कॅथीचा बदललेला व्यवसाय इथे कामी येतो. कादंबरीत इबोलाचा शोध लावतात अटलांटाचे आणि हॉपकिन्सचे शास्त्रज्ञ, आणि कॅथी त्यांच्या टेबलाशी बसून ऐकते. मालिकेत ती स्वतःच तज्ज्ञ म्हणून बैठकीला येते आणि समोर जॅक बसलेला पाहते. आपण सीआयएत आहोत हे त्याने तिला सांगितलेलं नसतं. प्रेमातलं खोटं आणि देशावरचं संकट एकाच खोलीत उघडं पडतं. डोळ्यांच्या डॉक्टरला त्या खोलीत आणायला लेखकांना निदान दोन जादा प्रसंग रचावे लागले असते.

मालिकेची खरी कमाई मात्र सुलेमान हीच आहे. पहिला भाग उघडतो १९८३च्या लेबनॉनमध्ये, बेका खोऱ्यात. दोन लहान भाऊ घरात गाणं लावून नाचतायत, बाहेर विमानांचा आवाज, आणि बाँब पडतात. क्लॅन्सीच्या दर्याईला बालपण नव्हतं, फक्त महत्त्वाकांक्षा होती. अली सुलेमान या अभिनेत्याने मूसाला थकवा दिला आहे, मुलांसमोरची माया दिली आहे आणि त्याखाली थंडगार हिशेब. त्याची बायको हनीन मुलींना घेऊन पळते तो भाग पर्वाचा कळस म्हणावा लागेल. डीना शिहाबीचं काम पाहताना जॅक कुठे आहे याची आठवणही येत नाही. भावाभावांचा निरोप व्हिडिओ गेमच्या गप्पांच्या चौकटीतून चालतो, ही कल्पनाही सुंदर: लहानपणचा खेळ मोठेपणी कटाचं साधन झाला. जेम्स ग्रीअर, जो कादंबऱ्यांत नौदलाचा अ‍ॅडमिरल, तो इथे इस्लाम स्वीकारलेला, जपमाळ बाळगणारा अधिकारी आहे. त्यामुळे एका बाजूला मुसलमान आणि दुसऱ्या बाजूला अमेरिका ही क्लॅन्सीची सरधोपट मांडणी बरीच मोडते. ड्रोन चालवणाऱ्या व्हिक्टरचं उपकथानक काही समीक्षकांना अडगळ वाटेल. मला ते हवंसं वाटतं, कारण दुरून मारणं म्हणजे काय हा प्रश्न या पर्वात तोच एकटा विचारतो.

क्लॅन्सीच्या या मांडणीत भारतीय वाचकासाठीही एक गंमत आहे. ‘एक्झिक्युटिव्ह ऑर्डर्स’मध्ये भारताच्या पंतप्रधान एक निनावी बाई आहेत आणि त्या चीन व दर्याई यांच्याशी संगनमत करून हिंदी महासागरात अमेरिकी जहाजांची वाट अडवू पाहतात. विषाणू आणि तेल यांच्या गोष्टीत आपला देश कुठल्या रांगेत बसवला आहे हे पाहून हसू येतं, थोडा रागही येतो. मालिकेने हा सगळा भाग सोडला, ते बरं केलं. आठ भागांत तो मावलाही नसता.

पण गमावलं ते लहान नाही. मालिकेत इबोला हा आमिषापुरता आहे. सीझियमकडे लक्ष जाऊ नये म्हणून टाकलेला फासा. आजारी माणूस जवळून, वेळ देऊन असा दिसतच नाही. काचेआडचा पलंग, संरक्षक पोशाख, खोकल्याची एक उबळ आणि दृश्य पुढे सरकतं. सिस्टर जाँ बाप्तिस्तला तिथे जागा नाही आणि म्हणून मौदीलाही नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ ते २०१६च्या साथीत अकरा हजारांवर माणसं मेल्यानंतर दोन वर्षांनी आलेल्या मालिकेने आफ्रिकेतल्या त्या प्रेतांचा उपयोग केवळ कच्चा माल म्हणून करावा, हे मला खुपलं. क्लॅन्सीसारख्या कडव्या अमेरिकाभिमान्याने एका आफ्रिकी मुलाला नाव दिलं, ताप दिला, त्याच्या उशाशी बसणारी बाई दिली. सगळ्या उदारपणासकट मालिका ते करत नाही.

पर्वाचा शेवटही त्यामुळे कादंबरीपेक्षा पातळ वाटतो. सुलेमान आपल्या मुलासाठी स्वतः वॉशिंग्टनच्या रुग्णालयात येतो, इथपर्यंत उत्तम. बाप म्हणून रंगवलेल्या माणसाचा घात बापपणानेच व्हावा हे न्याय्य. पण मग भुयारी रेल्वेतला पाठलाग, गोळी, आणि संपलं. कादंबरीचा शेवट पटला नाही तरी तो अंगावर येतो: रायन दूरदर्शनवर देशाशी बोलता बोलता दर्याईच्या घरावर बाँब पडताना दाखवतो आणि यापुढे अमेरिकेचं हेच धोरण असेल असं जाहीर करतो. विषाणूला उत्तर म्हणून केलेली ही थेट प्रक्षेपित हत्या भयानक आहे, पण लेखक तिच्या मागे ठामपणे उभा आहे आणि वाचकाला तिच्याशी भांडता येतं. भुयारी रेल्वेतल्या गोळीशी भांडण्यासारखं काही नाही.

ज्यांना दोन्ही अनुभवायचं आहे त्यांनी आधी कादंबरीतला झाईर ते तेहरान हा भाग वाचावा, पाहिजे तर तेवढाच, आणि मग मालिका लावावी. वाळवंटातल्या रणगाड्यांची शेवटची दीडेकशे पानं सोडली तरी चालतील. हनीनच्या पलायनाचा भाग मात्र सोडू नका.