‘दोन्ही हात नवीनच असतात’ : एका सल्ल्याची उलटतपासणी

डावखुऱ्या माणसाने गिटार शिकायचं ठरवलं की पहिल्याच दिवशी त्याला एक वाक्य ऐकायला मिळतं : “अरे, गिटारला दोन्ही हात नवीनच असतात. सरळ उजव्या हाताची गिटार घे.” मलाही मिळालं होतं. मी डावखुरी. एमएस्सीच्या पहिल्या वर्षी क्लास लावला, सरांच्या शब्दावर नेहमीची गिटार घेतली आणि चार महिन्यांत सोडून दिली. ती गिटार आता माझा भाऊ वाजवतो.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे लॅबमधला एक ज्युनिअर. तोही डावखुरा. पहिली फेलोशिप हातात आल्या आल्या त्याने विचारलं, “ताई, कुठली घेऊ?” मी तेच वाक्य त्याला सांगणार होते, तोंडापर्यंत आलंही होतं. मग वाटलं, एखाद्या शोधनिबंधात असं विधान दिसलं असतं तर आपण समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. इथे का नाही?

आधी विधान नीट वाचा. दोन्ही हात ‘नवीन’ असतात, हे मान्य. पण त्यावरून दोन्ही हात ‘सारखे’ असतात, हे निघत नाही. नवशिक्या हाताने तुम्ही भिंतीवर खिळा ठोकायला घेतला तरी हातोडी कुठल्या हातात जाते ते बघा. गिटारमध्ये दोन हातांना दोन वेगळी कामं आहेत. एक हात दांडीवर तारा दाबून सूर ठरवतो, दुसरा तारा छेडून तो सूर नेमका कधी आणि किती जोरात वाजेल ते ठरवतो. १९८७ मध्ये इव्ह गियार या फ्रेंच संशोधकाने दोन हातांच्या कामाच्या वाटणीवर एक निबंध लिहिला, तो जरूर वाचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दोन्ही हात लागतात अशा कामांत कमी सराईत हात आधी चौकट धरतो आणि सराईत हात त्या चौकटीत बारीक, वेगवान काम करतो. लिहिताना कागद धरणारा, तो सरकवत राहणारा हात आठवा. हे गिटारला लावलं, तर दाबणारा हात चौकट, छेडणारा हात लेखणी. अर्थात हे मॉडेल आहे, गिटारवर केलेला प्रयोग नाही. पण निदान त्यातून एक भाकीत तरी निघतं, जे खोटं ठरू शकतं. ‘दोन्ही हात नवीन’मधून तेही निघत नाही.

यावर सरांचं दुसरं वाक्य तयार असायचं : “उलट तुझा फायदाच आहे. अवघड काम तारा दाबायचं. तुझा चांगला हात नेमका तिथे!” आता गंमत बघा. पहिल्या वाक्यात हातांत फरक नव्हता, दुसऱ्यात एकदम चांगला हात आला. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. आणि दुसरं खरं असेल, तर जगातल्या सगळ्या उजव्या माणसांनी डाव्या हाताची गिटार घ्यायला हवी, कारण त्यांचा चांगला हात उजवा. असा सल्ला कुणी देताना मी तरी ऐकलेलं नाही.

दुसऱ्या वाक्याच्या बाजूने कधीकधी मेंदूचा दाखला देतात. थॉमस एल्बर्ट आणि सहकाऱ्यांचा १९९५ चा ‘सायन्स’मधला निबंध. तंतुवाद्यं वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांना मिळालेली जागा इतरांपेक्षा मोठी दिसली, आणि लहानपणी सुरुवात केलेल्यांत जास्त. काम सुंदर आहे. पण वादक होते नऊ, त्यांत गिटारवादक एक. आणि मुख्य म्हणजे वर्षानुवर्षं सराव करून त्या हाताचं काय होतं, हे त्यातून कळतं. सुरुवातीला कुठला हात तिथे ठेवावा, हा प्रश्न त्या निबंधाने विचारलेलाच नाही. तुमच्या साहित्य आढाव्यात ही चूक हमखास होते, बरं का. निष्कर्ष खरा असतो, आपण तो भलत्याच प्रश्नाला चिकटवतो.

सगळ्यात जास्त वाद मात्र नावांच्या यादीवर होतो. उजव्या हाताच्या बाजूचे लोक सांगतात : मार्क नॉफ्लर डावखुरा, गॅरी मूर डावखुरा, रॉबर्ट फ्रिप डावखुरा, तिघेही उजव्यांसारखे वाजवणारे. समोरचा म्हणतो : मग जिमी हेंड्रिक्स? तो उजव्या हाताची गिटार उलटी धरून, तारा बदलून वाजवायचा. पॉल मॅकार्टनीला तर सुरुवातीला गिटार जमेचना. स्लिम व्हिटमन डावीकडून वाजवतोय असं चित्र पाहिल्यावर त्याने तारा उलट्या लावल्या आणि मग गाडी पुढे सरकली. तिसरा कुणी अल्बर्ट किंग आणि एलिझाबेथ कॉटन यांना आणतो. या दोघांनी तर गिटार उलटी धरली आणि तारा होत्या तशाच ठेवल्या, म्हणजे जाड तारा खाली. कॉटन अंगठ्याने चाल वाजवायची आणि बोटांनी खर्ज, आणि तिच्या त्या उलट्या पद्धतीला पुढे तिचंच नाव मिळालं.

यादी वाचायला मजा येते. पण पुरावा म्हणून ती शून्य आहे, दोन्ही बाजूंसाठी. या यादीत फक्त टिकलेले लोक आहेत. उजव्या हाताची गिटार घेऊन चार महिन्यांत सोडणारी मुलगी तिच्यात नाही, आणि डाव्या हाताची घेऊन सोडणाराही नाही. हवा आहे तो आकडा गळालेल्यांचा. आणि हो, माझं सोडणंही पुरावा नाही. तेव्हा सेटची परीक्षा होती, बोटं दुखत होती, आळसही होता. डाव्या हाताची गिटार असती तर मी टिकले असते, असं म्हणायचा मोह होतो. पण तुलनेला दुसरी मी कुठून आणणार?

राहिला पियानोचा मुद्दा : “डावखुरा पियानो असतो का?” पियानोवर दोन्ही हात पट्ट्याच दाबतात, कामाची जात एक. गिटारचं तसं नाही. डावखुरे तबलजी तबला-डग्ग्याच्या जागा बदलून बसतात, हे उदाहरण जास्त जवळचं.

मग उजव्या हाताच्या बाजूने काहीच नाही का? आहे, आणि भक्कम आहे. दुकानात डाव्या हाताची गिटार सहसा नसते, मागवावी लागते, निवड कमी. मित्राची गिटार उचलून वाजवता येत नाही. नुसत्या तारा उलटवून भागत नाही, कारण वरच्या टोकाच्या पट्टीतल्या खाचा तारांच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात आणि अकूस्टिक गिटारवर खालची पट्टी तिरकी बसवलेली असते, त्यामुळे सूर बिघडतात. सरांनी हे सांगितलं असतं तर मी पटकन ऐकलं असतं. त्यांनी सोयीचं कारण शरीरशास्त्राच्या कपड्यांत घालून सांगितलं, तक्रार तेवढीच.

शिवाय ‘डावखुरा’ हाही एकच डबा नाही. ओल्डफील्डची १९७१ ची एडिनबरा प्रश्नावली दहा कामं विचारते (लिहिणं, फेकणं, कात्री, चमचा, काडी ओढणं वगैरे) आणि उणे १०० ते अधिक १०० असा गुण देते. त्यात झाडूचा प्रश्न आहे : वरचा हात कुठला? आमच्या घरी केरसुणी, एका हाताची. कसला वरचा हात! चमच्याचंही तेच. मी जेवते उजव्या हाताने, कारण आजी डावा हात ताटाजवळ येऊ द्यायची नाही. म्हणजे माझा गुण थोडा माझा आणि थोडा आजीचा. मापनपट्टी दुसऱ्या देशातून आणली की आधी तिची एकेक ओळ आपल्या स्वयंपाकघरात नेऊन बघावी.

ज्युनिअरला मी शेवटी उत्तर दिलंच नाही, भावाची गिटार दिली. एका हाताने तारा नुसत्या झाकायच्या, कॉर्ड नाही काही नाही, दुसऱ्या हाताने एका गाण्याच्या ठेक्यावर पंधरा मिनिटं स्ट्रमिंग. मग गिटार उलटी धरून तेच. कुठल्या हाताने आधी, तो क्रम रोज बदलायचा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करायचं. यातून पुढच्या दहा वर्षांचं काही कळणार नाही, पण ठेका कुठल्या हातात बसतोय ते त्याच्यापुरतं कळेल. सहा दिवस झालेत. मला डाव्या हाताची रेकॉर्डिंग सरस वाटतात, पण मला ती तशीच वाटणार. म्हणून काल त्याला सांगितलं, आता फाइलींवरची नावं काढून पाठव.