शालेय राज्यशास्त्र : नाव, भाषा आणि प्रतिष्ठा

महाराष्ट्रातील शालेय पाठ्यपुस्तकांत गेल्या दशकात एक बदल झाला. त्याची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झालेली नाही. इतिहासाच्या जोडीने शिकविल्या जाणाऱ्या विषयास आठवीपर्यंत 'नागरिकशास्त्र' असेच नाव राहिले; मात्र २०१७ साली नववीचे आणि २०१८ साली दहावीचे जे नवे पाठ्यपुस्तक आले, त्याच्या मुखपृष्ठावर 'इतिहास व राज्यशास्त्र' अशी अक्षरे आली. वरवर पाहता हा केवळ नामांतराचा प्रकार वाटतो. परंतु एखाद्या विषयाचे नाव बदलणे म्हणजे त्या विषयाने विद्यार्थ्याशी नवा करार करणे होय. राजकारणाचा अभ्यास शाळेत व्हावा काय, झाल्यास त्याला विद्येच्या क्षेत्रात मान मिळावा काय, या जुन्या प्रश्नांचा निर्णय हा करार कितपत पाळला गेला यावर अवलंबून आहे. त्याची तपासणी भाषेच्या अंगाने करणे विशेष उपयुक्त ठरेल.

प्रथम नावांचाच विचार करू. 'नागरिक' हा शब्द आज आपण हक्क आणि कर्तव्ये असलेल्या व्यक्तीसाठी वापरतो. पण कौटिलीय अर्थशास्त्रात 'नागरिक' हे नगराची व्यवस्था पाहणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम आहे, आणि कामसूत्रातील 'नागरक' हा शहरात राहणारा रसिक, सुखवस्तू पुरुष आहे. ज्याच्यावर व्यवस्था ठेवली जाते त्याला, व्यवस्था ठेवणाऱ्याचे नाव अर्वाचीन काळात मिळाले, हा शब्दार्थाच्या इतिहासातील एक मनोरंजक योग होय. तथापि 'नागरिकशास्त्र' या विषयात या बदलाचा पूर्ण लाभ उतरला नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा, २००५ याने या विषयाचे मूळ वसाहतकाळात दाखविले आहे : राज्यकर्त्यांविषयीची निष्ठा ढळू लागली असता आज्ञाधारक प्रजाजन घडविण्याची जी निकड भासली, तीतून हा विषय पुढे आला. म्हणजे नाव नागरिकाचे आणि शिकवण प्रजेची, अशी ही विसंगती होती.

'राजकारण' या शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. दासबोधात 'राजकारण निरूपण' या नावाचा समास आहे. तेथे हा शब्द लोकसंग्रहाच्या गंभीर विचाराशी निगडित आहे. मराठेशाहीतील पत्रव्यवहारात 'राजकारण' म्हणजे वाटाघाट, संधान, मसलत. आज मात्र 'यात राजकारण आणू नका' या वाक्यात तो शब्द जवळजवळ अपशब्दासारखा उच्चारला जातो. इंग्रजीत व्यवहाराला आणि त्याच्या अभ्यासाला पुष्कळदा एकच शब्द चालतो. हिंदीतही 'राजनीति' हा शब्द दोन्हीकडे वावरतो. मराठीने मात्र या दोहोंची फारकत केली आहे. व्यवहार तो राजकारण आणि अभ्यास तो राज्यशास्त्र. परिभाषेच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे; पण तिच्यामुळे एक ग्रह दृढ झाला की, शास्त्र शुद्ध ठेवावयाचे तर व्यवहारापासून ते दूर ठेवले पाहिजे. शालेय राज्यशास्त्राच्या पुष्कळशा उणिवांचे मूळ या ग्रहात आहे.

आता प्रतिष्ठेचा प्रश्न. शाळकरी वयात राज्यशास्त्र शिकवू नये, या मताला मोठी परंपरा आहे. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात, तरुण मनुष्य या विद्येचा योग्य श्रोता नव्हे, असा अभिप्राय आहे. कारण जीवनव्यवहाराच्या अनुभवावर ही विद्या उभी असते आणि तो अनुभव तरुणाजवळ नसतो. कौटिल्याची व्यवस्था वेगळी आहे. आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती या चार विद्या तो मानतो आणि राजपुत्राच्या अध्ययनक्रमातच दंडनीतीला स्थान देतो. ही विद्या शिकवावी कोणी, याविषयीचा त्याचा विवेक मार्मिक आहे : ती केवळ सांगणाऱ्याने नव्हे, तर सांगणाऱ्याने आणि प्रत्यक्ष करणाऱ्यानेही शिकवावी. अनुभवाच्या अभावावर ॲरिस्टॉटलने प्रतीक्षेचा उपाय सुचविला. कौटिल्याने व्यवहाराच्या सान्निध्याचा. पुढे ज्याला राज्य करावयाचे आहे त्याला थांबून चालत नाही, हे त्यामागील कारण स्पष्ट आहे. १९८९ साली एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. दहावीनंतर दोन-तीन वर्षांतच विद्यार्थी मतदार होतो. आणि विज्ञान वा वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याच्या वाट्याला राज्यशास्त्राचा पद्धतशीर अभ्यास पुन्हा सहसा येतच नाही. तेव्हा नववी-दहावीची दोन वर्षे हीच बहुसंख्य नागरिकांची या विषयातील पहिली आणि शेवटची पाठशाळा होय.

प्रतिष्ठेचे मोजमाप बाहेरून करू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ब्रिटनमधील अग्रगण्य विद्यापीठांच्या रसेल गटाने २०११ साली, विद्यापीठ-प्रवेशास विशेष साहाय्यक ठरणाऱ्या शालेय विषयांची यादी प्रसिद्ध केली. गणित, भौतिकी, इतिहास, भूगोल, भाषा इत्यादी विषय तीत होते, राज्यशास्त्र नव्हते. २०१९ साली ती यादीच मागे घेण्यात आली. आठ वर्षांत विषयाचे स्वरूप बदलले नव्हते, प्रवेशाची भाषा बदलली होती. आपल्याकडेही असाच प्रकार आहे. नावात 'शास्त्र' धारण करणारा हा विषय कनिष्ठ महाविद्यालयात 'कला' शाखेत बसतो, म्हणून त्याचे वजन कमी मानले जाते. आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत त्याचा उपयोग होतो असे कळताच तेच वजन वाढते. हा मान उसना आहे. विषयाची खरी प्रतिष्ठा त्याच्या विचारपद्धतीत असते, म्हणून पाठ्यपुस्तकाकडेच वळले पाहिजे.

नववीच्या पुस्तकातील राज्यशास्त्राचा भाग महायुद्धोत्तर घडामोडी, भारताचे परराष्ट्र धोरण, सुरक्षा व्यवस्था, संयुक्त राष्ट्रे आणि आंतरराष्ट्रीय समस्या यांना वाहिलेला आहे. दहावीत संविधानाची वाटचाल, निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी आणि लोकशाहीसमोरील आव्हाने अशी पाच प्रकरणे आहेत. जुन्या नागरिकशास्त्राशी तुलना करता ही योजना निःसंशय पुढची आहे. शासनाच्या अंगोपांगांची ओळख आठवीत आटोपून दहावीत पक्ष आणि चळवळी यांना स्वतंत्र प्रकरणे देणे, म्हणजे राज्य हे केवळ वरून चालत नाही याची कबुली देणे होय. आदिवासी, शेतकरी, कामगार, स्त्रिया, ग्राहक यांच्या चळवळी शालेय विद्यार्थ्यापुढे अभ्यासविषय म्हणून येतात, याचे मोल कमी लेखता येणार नाही.

परंतु योजना बदलली तरी भाषेची घडण त्याच वेगाने बदलत नसते. शासनव्यवहारातून शालेय गद्यात उतरलेली एक वाक्यरचना येथे लक्षात घेण्याजोगी आहे. 'धरणासाठी जमीन संपादित करण्यात येते' असे एक कल्पित वाक्य घ्यावे. यात क्रिया आहे, कर्म आहे, कर्ता नाही. कोणी संपादित केली, कोणाची केली आणि कोणाच्या संमतीने केली, हे तिन्ही प्रश्न व्याकरणानेच गिळून टाकले आहेत. '-ण्यात येणे' ही मराठीतील अत्यंत सोयीची रचना होय. कायद्याच्या गद्यात तिला समर्थनही आहे, कारण तेथे व्यक्ती बदलली तरी पद टिकावयाचे असते. पण राज्यशास्त्राचा पहिला प्रश्नच 'कोण?' हा आहे. याच वाक्यासमोर 'पुनर्वसनाशिवाय जमीन द्यावयाची नाही, असे गावकऱ्यांनी ठरविले' हे वाक्य ठेवले, म्हणजे दोन रचनांतील अंतर केवळ शैलीचे नाही हे ध्यानात येते. पहिल्या वाक्यात व्यवस्था आहे; दुसऱ्यात राजकारण आहे. चळवळींविषयी लिहू लागताच गद्यात कर्ता परत येणे अपरिहार्य असते. संस्था आणि प्रक्रिया यांच्या वर्णनात तो अदृश्य होणे तितकेच सुलभ असते. शिक्षकाने वर्गात कर्तृहीन वाक्ये निवडून त्यांना कर्ता पुरविण्याचा अभ्यास करून घेतला, तर व्याकरण आणि राज्यशास्त्र या दोहोंचा पाठ एकदमच होईल.

दुसरी अडचण परीक्षेची. पुढे रूढ झालेल्या ४० गुणांच्या लेखी प्रश्नपत्रिकेत इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२ गुण असा वाटा आहे. विद्यार्थी आणि शिक्षक दोघेही हे गणित जाणतात. त्याहूनही महत्त्वाचे आहे ते प्रश्नांचे स्वरूप. 'विधान चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा' हा प्रश्नप्रकार तत्त्वतः उत्तम आहे, कारण तो निर्णयाबरोबर कारणही मागतो. मात्र कारणदेखील एकच आणि आधी ठरलेले असेल, तर स्पष्टीकरण हे पाठांतराचेच दुसरे नाव ठरते. 'संकल्पना स्पष्ट करा' या प्रश्नाचीही तीच गत. स्कॉटिश तत्त्वज्ञ डब्ल्यू. बी. गॅली यांनी १९५६ साली असे प्रतिपादन केले की, काही संकल्पनांचा अर्थ स्वभावतःच विवाद्य असतो. त्यांचा योग्य वापर कोणता याविषयीचा वाद हा त्या संकल्पनेचाच भाग असतो. लोकशाही हे त्यांनी दिलेल्या उदाहरणांपैकी एक. ही गोष्ट मान्य केली, तर लोकशाहीची एकच व्याख्या पाठ करणाऱ्याला ती संकल्पना समजली असे म्हणता येत नाही. दोन व्याख्यांत भेद का पडतो हे सांगू शकणाऱ्यालाच ती समजली. लोकसभेची मुदत आणि लोकशाहीचा अर्थ या दोन भिन्न जातींच्या ज्ञानवस्तू आहेत. त्या एकाच मापाने मोजल्यामुळे विषय सोपा होतो, आणि सोपा झाल्यामुळेच त्याचा मान जातो.

वाद वर्गात आणण्याचा एक मोठा प्रयोग देशाने पाहिलेला आहे. २००५ च्या आराखड्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने राज्यशास्त्राची जी पुस्तके काढली, त्यांचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव हे होते. नववीच्या पुस्तकाच्या हिंदी आवृत्तीचे नाव 'लोकतांत्रिक राजनीति'. म्हणजे मराठीने टाळलेला व्यवहारवाचक शब्द तेथे शीर्षकातच आला. उन्नी आणि मुन्नी ही दोन रेखाटलेली पात्रे मजकुराच्या समासातून अडचणीचे प्रश्न विचारीत. प्रश्न विचारण्याचा अधिकार पाठाच्या शेवटी नव्हे, पाठ चालू असतानाच आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

या प्रयोगाची किंमतही मोजावी लागली. २००६ साली निघालेल्या अकरावीच्या संविधानविषयक पुस्तकात शंकर यांचे १९४९ सालचे एक व्यंगचित्र होते : संविधानरूपी गोगलगाय, तीवर बसलेले डॉ. आंबेडकर आणि मागे चाबूक उगारलेले पंडित नेहरू. मे २०१२ मध्ये संसदेत त्यावर तीव्र आक्षेप घेतला गेला. दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले. पळशीकर यांच्या पुणे विद्यापीठातील कार्यालयाची मोडतोड झाली. मोडतोडीचे समर्थन होऊच शकत नाही. तथापि आक्षेप निरर्थक होता, असे म्हणून विषय मिटविणेही उचित नव्हे. चाबूक गोगलगायीवर उगारला आहे की तिच्यावर बसलेल्या पुरुषावर, हा चिन्हाच्या अर्थाचा प्रश्न आहे. आणि ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या चाबकाचा अर्थ अंगावर सोसला, त्याने तो चित्रातही तसाच वाचावा यात नवल नाही. १९४९ चा संदर्भ आणि २०१२ चा वाचक यांतील हे अंतर हाच एक उत्कृष्ट पाठ झाला असता. चित्र काढून टाकल्याने तो पाठ गेला. पुढे जून २०२३ मध्ये, पाठ्यपुस्तकांतून मजकूर वगळण्यात आल्याच्या निषेधार्थ, आपली नावे पुस्तकांतून काढावीत अशी मागणी या दोघांनी केली.

यावरून काढावयाचा निष्कर्ष निराशेचा नाही. ज्या विषयाच्या पुस्तकावर संसदेत चर्चा होते तो विषय निरुपयोगी आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. प्रश्न एवढाच उरतो की, त्याच्यातील जिवंत भाग वर्गात ठेवण्याचे धैर्य आपण दाखवितो की नाही. 'नागरिकशास्त्र' जाऊन 'राज्यशास्त्र' आले, हे पहिले पाऊल योग्यच पडले. त्यानंतर वाक्यात कर्ता आला पाहिजे, प्रश्नपत्रिकेत दोन बाजूंच्या उत्तराला जागा मिळाली पाहिजे आणि 'राजकारण' या शब्दाचा वर्गातील विटाळ संपला पाहिजे. हे घडल्यास विद्यापीठीय विभागांनी या विषयाकडे प्राथमिक तयारी म्हणून नव्हे, तर स्वतंत्र विचारक्षेत्र म्हणून पाहावे लागेल. आणि पाठ्यपुस्तकांच्या भाषेचे परीक्षण हा भाषाशास्त्र व राज्यशास्त्र या दोन्ही विभागांच्या संशोधनाचा समाईक विषय ठरेल. कौटिल्याने दंडनीती एका राजपुत्रासाठी सांगितली. लोकशाहीत ती वर्गातील प्रत्येक मुलासाठी आहे. म्हणून तिच्या शिकवणीत कसूर करण्याची मुभा आपणांस अधिक नव्हे, कमीच आहे.