फौजी बापाचं पोर : ‘द ग्रेट सँटिनी’विषयी

अमेरिकेत एप्रिल हा सैनिकांच्या मुलांचा महिना म्हणून पाळतात. संरक्षणमंत्री कॅस्पर वाइनबर्गर यांनी १९८६ साली ही प्रथा सुरू केली. शाळाशाळांतून जांभळे कपडे घातले जातात. सगळ्या सेनादलांचे रंग एकत्र केले की जांभळा होतो, अशी त्यामागची कल्पना. या मुलांचं फूलही ठरलेलं आहे, डँडेलियन. वारा नेईल तिथं त्याचं बी पडतं आणि मिळेल त्या मातीत रुजतं. ही प्रतिमा मला खटकते. रुजणं हा बियाचा पराक्रम ठरवला, की वाऱ्याला जाब विचारायची गरज उरत नाही.

तो जाब त्याआधी दहा वर्षं एका कादंबरीनं विचारला होता. पॅट कॉनरॉय यांची ‘द ग्रेट सँटिनी’ १९७६ची. कॉनरॉय स्वतः मरीन कोअरमधल्या वैमानिकाचे पुत्र. कादंबरीतला बुल मीचमही मरीन वैमानिक. घर तो बराकीसारखं चालवतो. काळ १९६२चा. बदली झाली की कुटुंब रात्रीच गाडीत बसतं आणि नव्या गावी मुलं पुन्हा नवखी होतात. थोरला बेन शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे.

अंगणातल्या बास्केटबॉलचा प्रसंग प्रसिद्ध आहे. बेन बापाला प्रथमच हरवतो. बापाला ते सोसत नाही. तो मुलाच्या मागे मागे जात त्याच्या डोक्यावर चेंडू आपटत राहतो. पुढं रात्री तोच बाप अंगणात एकटा सराव करत असतो आणि आई बेनला त्या सरावाचा अर्थ लावून सांगते. मला चेंडूपेक्षा हे अर्थ लावणं अधिक भेदक वाटतं. बापाच्या क्रौर्यातून माया गाळून काढायचं काम या घरात बायकामुलांनी करायचं असतं, आणि बाहेरचं जग त्यालाच शिस्त म्हणतं.

शेवट मात्र मला पटत नाही. विमानाला आग लागते, वस्ती वाचवण्यासाठी बुल समुद्राकडे वळतो आणि मरतो. बापाचं जाकीट घालून बेन गाडी चालवू लागतो. मरणानं हिशेब फार लवकर मिटतो. शिवाय घरात सर्वांत स्वच्छ बघणारी आहे ती मेरी अ‍ॅन, बेनची बहीण. आपण या घराच्या खात्यात धरल्या जातो का, हे ती बापाला थट्टेच्या सुरात विचारत राहते. बाप तिला दाद देत नाही. कादंबरीही तिला बेनइतकी जागा देत नाही.

ही उणीव मेरी एडवर्ड्स वर्ट्श यांनी १९९१च्या ‘मिलिटरी ब्रॅट्स’मध्ये भरून काढली. (ब्रॅट म्हणजे वांड कार्टं, ही मुलं तो शब्द अभिमानानं मिरवतात.) त्या स्वतः लष्करी अधिकाऱ्याची कन्या. ऐंशी जणांशी बोलून लिहिलेल्या या पुस्तकात मुलींना स्वतंत्र प्रकरण आहे. प्रस्तावना कॉनरॉय यांचीच.

आपल्याकडं चित्र उलटं. साताऱ्यातल्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या बाप पलटणीत जात आला. घर, आजी, शाळा बहुधा जागेवर राहिली. तिथल्या मुलाला गाव असतं, बाप रजेपुरता. माझ्या वाचनात मराठी कथेनं जवानाची आई आणि बायको पुष्कळ पाहिली, हे मूल फारसं नाही.

अमेरिकेत जांभळ्या कपड्यांपेक्षा मला मोलाचा वाटतो तो तिथल्या राज्यांनी शिक्षणाबाबत आपापसांत केलेला करार. २०१४पर्यंत पन्नासही राज्यं त्यात आली. भाषा अगदी सरकारी, रुक्ष. पण बाप मोहिमेवर निघताना किंवा परतल्यावर मुलाला रजा देता यावी, शेवटच्या वर्षी शाळा बदलली म्हणून पदवी अडू नये, मुदत टळून गेली तरी खेळाच्या संघात जागा मिळण्याची संधी असावी, असं त्यात लिहिलेलं आहे. बेन मीचम ज्या वर्गात, ज्या मैदानावर नवखा म्हणून उभा होता, तिथपर्यंत ही कलमं पोचतात; घरातल्या जिन्यापर्यंत पोचत नाहीत.