जपानी भाषेतील प्रेमोक्ती : आख्यायिका आणि भाषेचा पुरावा

जपानी मनुष्य प्रेम शब्दांत सांगत नाही, अशी एक समजूत रूढ आहे. तिच्या पुष्ट्यर्थ कादंबरीकार नात्सुमे सोसेकी (१८६७-१९१६) यांची आख्यायिका सांगितली जाते. इंग्रजी प्रेमोक्तीचे शब्दशः भाषांतर करणाऱ्या विद्यार्थ्याला, चंद्र सुंदर आहे एवढे म्हटले तरी पुरे, असे त्यांनी सुचविले म्हणतात. आख्यायिका मनोहर आहे. परंतु सोसेकींच्या लेखनात तिला आधार सापडत नाही आणि तिचा छापील प्रसार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला आहे. तिच्यावरून एका भाषेच्या स्वभावाचे अनुमान काढणे युक्त नव्हे.

साहित्येतिहासाची साक्ष याच्या उलट आहे. आठव्या शतकातील 'मान्योशू' या सुमारे साडेचार हजार कवितांच्या संग्रहात परस्परांना उद्देशून रचलेल्या प्रेमकवितांचा स्वतंत्र वर्ग आहे, इ. स. ९०५ च्या सुमाराच्या 'कोकिनशू'च्या वीस खंडांपैकी पाच प्रेमाला दिलेले आहेत. मात्र हे प्रेम प्रायः दूर असलेल्याची ओढ आहे. 'मान्योशू'त 'कोई' हा शब्द क्वचित 'एकाकी' आणि 'दुःख' अशा अर्थांच्या दोन चिनी अक्षरांनी लिहिलेला आढळतो. 'रेनआइ' हा शब्द पाश्चात्त्य प्रेमकल्पनेसाठी रुळला तो मेइजी काळात (१८६८-१९१२).

याच काळातील दुसरे उदाहरण फुताबातेई शिमेई यांचे. तुर्गेनेव्हच्या 'आस्या' या कथेच्या त्यांच्या भाषांतरात (१८९६) नायिका आता मरणही पत्करेन अशा आशयाचे बोलते. हे इंग्रजी प्रेमोक्तीचे भाषांतर होय, असे पुष्कळदा सांगतात. वस्तुतः मूळ रशियन शब्द एकच आहे व त्याचा अर्थ 'तुमची' एवढाच. स्त्रीत्व, आदर आणि समर्पण त्या एका शब्दात सामावते. मराठीत ते जसेच्या तसे उतरते. जपानी संबंधवाचक रूपांना लिंगभेद नसल्याने तेथे तशी सोय नाही. म्हणजे जी गोष्ट संकोचाची म्हणून दाखविली जाते, तिच्या मुळाशी व्याकरणही आहे.

आजच्या व्यवहारातील 'सुकी' हा शब्दही हेच दाखवितो. तो क्रियापद नसून विशेषणासारखा चालतो आणि प्रिय व्यक्तीच्या नामाला 'गा' हा कर्तृवाचक प्रत्यय लागतो. इंग्रजीत प्रेम ही कर्त्याने दुसऱ्यावर केलेली क्रिया ठरते. येथे ती एक अवस्था आहे. 'मी' आणि 'तू' दोन्ही गाळून 'सुकी दा' एवढे म्हटले तरी वाक्य पूर्ण होते. आदराने बोलावयाचे तर 'सुकी देसु'. प्रेमाची अशी स्पष्ट कबुली देण्यास 'कोकुहाकु' हे नावही आहे. तेव्हा न बोलण्याचा सिद्धांत येथे टिकत नाही.

मराठी भाषांतरकाराच्या दृष्टीने यातील मर्म निराळे आहे. इंग्रजीच्या वाटेने येणारे जपानी वाक्य 'मी तुझ्यावर प्रेम करते' असे उतरते आणि मुळात नसलेला कर्तेपणा त्यात शिरतो. 'मला तू आवडतोस' किंवा 'तू मला प्रिय आहेस' या रचनांत मात्र जपानीप्रमाणेच प्रिय व्यक्ती प्रथमेत राहते. अर्थात मराठी क्रियापद पुरुष व वचन, आणि पुष्कळदा लिंगही, उघड करते. जपानी ते झाकून ठेवू शकते. ही हानी मान्य करूनही, मराठीजवळ जे घरचेच आहे ते सोडून इंग्रजीची रचना उसनी घेण्याचे कारण दिसत नाही.